धनाचा विश्वस्त : नामदार नाना शंकरशेट

(मांजरसुंबा, जि. बीड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मांजरसुंबा हे चौफुलीचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग येथून जातो आणि पाटोद्याकडची व केज-अंबाजोगाईकडची वाट येथेच फुटते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे याच घाटाने कारखान्यांकडे निघतात. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पैसा आधी हातात पडतो आणि श्रम पुढे फेडायचे असतात. या व्यवहारात शोषणही आहे, तो विषय वेगळा. पण सारा डोलारा उभा असतो तो एकमेकांच्या शब्दावर. ज्याचा शब्द बाजारात चालतो त्याला आपण 'पत असलेला माणूस' म्हणतो. 'पत' हा दोनच अक्षरांचा शब्द, पण मनुष्य आयुष्यभर राबून तो कमावतो आणि एका दिवसात गमावू शकतो.

मांजरसुंब्याच्या शेजारीच कपिलधार आहे. तेथे मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला दूरदूरहून दिंड्या येथे येतात. वीरशैव परंपरेने या भूमीला दोन शब्द दिले, कायक आणि दासोह. प्रामाणिक श्रमाने मिळवावे, हे कायक. मिळविलेले आपले एकट्याचे न मानता समाजपुरुषाच्या चरणी अर्पण करावे, हा दासोह. दासोह हा उपकार नव्हे, ते कर्तव्य आहे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, असा भेद त्यात नाही.

पत आणि दासोह हे दोन शब्द मनाशी धरूनच आजचा विषय समजून घ्यायचा आहे. विषय आहे नामदार जगन्नाथ शंकरशेट, म्हणजेच नाना शंकरशेट यांचे जीवन. नाना मुंबईचे, आणि त्यांच्या हयातीत बीड होते निजामाच्या अमलाखाली. त्यांचा या भूमीशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर व्याख्यान संपेपर्यंत श्रोत्यांनी स्वतःच शोधावे.

शब्दाची तिजोरी

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा. दैवज्ञ समाजातील मुरकुटे हे त्यांचे घराणे. पूर्वज व्यापारानिमित्त मुंबईत येऊन स्थिरावले होते आणि वडील शंकरशेट यांनी मोठी संपत्ती मिळविली होती. ग्रँट रोडजवळचे भवानीशंकराचे मंदिर आजही या घराण्याची धर्मनिष्ठा सांगत उभे आहे. १८२२ मध्ये वडील निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयात एवढी दौलत हाती आली की तिचे काय होते, हे सांगायला इतिहासात शोधाशोध करावी लागत नाही, गावोगावी त्याची उदाहरणे दिसतात. नानांनी मात्र वडिलांचा व्यापार सांभाळला, वाढविला, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे घराण्याच्या शब्दाला असलेले वजन वाढविले.

त्या काळी मुंबई बंदरात अरबस्तानातून गलबते येत, अफगाणिस्तानातून व्यापारी येत. त्यांच्याजवळ सोने-नाणे, मोती, जवाहीर असे. परक्या गावात ते ठेवायचे कोठे? मुंबईत पुढे बँका निघाल्या, त्यांच्या इमारती मोठ्या आणि कारभारी गोरे होते. तरीही हे परदेशी व्यापारी आपली चीजवस्तू बँकेत न ठेवता नाना शंकरशेट यांच्या स्वाधीन करीत, असे त्या काळाच्या नोंदी सांगतात. धर्म वेगळा, भाषा वेगळी, देशही वेगळा. तरी विश्वास एका हिंदू सावकारावर, कारण त्याच्याकडे ठेवलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळते, याची त्यांना खात्री होती.

पेढी म्हणजे काय, याचे मर्म येथे आहे. पेढीवरचा पैसा पेढीवाल्याचा नसतो. तो लोकांचा असतो आणि पेढीवाला त्याचा विश्वस्त असतो. हा विश्वस्तभाव नानांच्या अंगी इतका मुरला होता की पुढे त्यांनी स्वतःच्या संपत्तीकडेही त्याच दृष्टीने पाहिले. ज्या हाताने परक्याची ठेव सांभाळली, त्याच हाताने त्यांनी आपली दौलत ही समाजाची ठेव समजून सांभाळली आणि वेळ आली तेव्हा परत केली. नाना व्यापारी होते, सावकार होते आणि दानशूरही होते. ही तीन वेगवेगळी आयुष्ये नव्हेत, तर एकाच वृत्तीची तीन रूपे आहेत.

शाळा हेच देऊळ

१८१८ मध्ये पेशवाई संपली. राज्य गेले, आणि त्याबरोबर राज्याश्रयावर चालणाऱ्या पाठशाळा, विद्वान, कलावंत निराधार झाले. पराभवाच्या त्या काळोखात समाजापुढे दोन वाटा होत्या. एक, गेलेल्या वैभवाबद्दल हळहळत बसावे. दुसरी, परकीयांनी ज्या बळावर राज्य घेतले ते बळ ओळखून आत्मसात करावे. नानांनी दुसरी वाट धरली.

१८२२ मध्ये मुंबईत शाळा काढणे आणि शालेय पुस्तके तयार करणे यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढे 'नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली गेली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता, पण तिचे बळ होते ते नानांसारख्या एतद्देशीय धुरीणांत. सदाशिव काशिनाथ छत्रे तिचे कार्यवाह झाले. छत्रे यांच्या 'बाळमित्र'सारख्या पुस्तकांनी मराठी मुलांच्या हाती प्रथमच छापील वाचन दिले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन परत निघाले, तेव्हा मुंबईकरांनी निधी जमविला. तो दोन लाख रुपयांहून अधिक झाला. त्या रकमेतून पुतळा आणि मेजवानी होऊन सारे विसरले गेले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण ठरले ते असे की या पैशातून विद्या शिकविणारे अध्यापक नेमावेत. त्यातूनच एल्फिन्स्टन शिक्षणसंस्था उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवू लागले. दादाभाई नौरोजी तेथे शिकले आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाले. ज्या पिढीने हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब इंग्रजांच्या तोंडावर मांडला, तिची अक्षरओळख या संस्थेत झाली.

१८४० मध्ये मुंबई सरकारने शिक्षणासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात तीन हिंदी सभासद होते, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. म्हणजे एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. या बोर्डावर नाना सोळा वर्षे होते. पण केवळ सभासदत्वाची शोभा म्हणून ते तेथे बसले नव्हते, हे १८४७ च्या सुमारास दिसून आले.

मातृभाषेसाठी उभा राहिलेला सभासद

त्या वेळी बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी होते. हे मोठे न्यायाधीश. शिक्षणाचा पैसा इंग्रजी शिक्षणावर एकवटावा, वरच्या थरातील थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे, ते झिरपत खाली जाईल, असे त्यांचे मत होते. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाने कलकत्त्यात हाच विचार प्रस्थापित केला होता. मुंबईतही तो सहज खपून जावा, अशीच परिस्थिती होती.

नानांनी त्याला लेखी विरोध केला. त्यांच्या टिपणाचा आशय असा होता : इंग्रजी विद्येला त्यांचा विरोध नाही. तिच्या प्रसारासाठी त्यांनी स्वतः झीज सोसली आहे. परंतु साऱ्या लोकांपर्यंत ज्ञान न्यायचे असेल तर ते लोकांच्या स्वतःच्या भाषेतूनच नेले पाहिजे. परभाषा थोड्यांना येईल आणि बहुजन समाज कोरडाच राहील. फ्रामजी कावसजी व मकबा हे दोघेही नानांच्या बाजूने उभे राहिले. कर्नल जार्व्हिस या इंग्रज सभासदाचाही मातृभाषेस पाठिंबा होता. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम म्हणून देशी भाषांचे स्थान मान्य केले.

हा लढा नीट लक्षात घेतला पाहिजे. इंग्रजी येणाऱ्यालाच मान मिळत असताना, स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारा एक धनाढ्य गृहस्थ सरकारच्या बोर्डावर बसून मराठीसाठी भांडतो. त्यात त्याचा वैयक्तिक लाभ काही नाही. त्याच्या घरातील मुलांसाठी इंग्रजी शिक्षक ठेवणे त्याला अवघड नव्हते. तो भांडत होता ते कोकणातील, देशावरील, ज्यांना तो कधी पाहणारही नव्हता अशा मुलांसाठी.

या गोष्टीचे मोल मराठवाड्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला विद्येच्या दारात परकी भाषा ओलांडावी लागे. म्हणूनच अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था या भूमीत केवळ शाळा राहिल्या नाहीत. त्या अस्मितेची ठाणी झाल्या. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ त्याच विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून आले आणि पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. नानांनी मुंबईत लेखणीने जे मागितले, तेच मराठवाड्याला शंभर वर्षांनी लढून मिळवावे लागले.

आज चित्र काय आहे? परकी सत्ता नाही. तरीही गावातली मराठी शाळा ओस पडते आणि तालुक्याच्या गावी जाणाऱ्या पिवळ्या बसमध्ये चार वर्षांची मुले झोपेत बसविली जातात. नाना इंग्रजीचे वैरी नव्हते, इंग्रजी शिकलेच पाहिजे. परंतु मुलाचे पहिले ज्ञान आईच्या भाषेत व्हावे, हे जे १८४७ मध्ये एका व्यापाऱ्याला कळले, ते आजच्या सुशिक्षित घराला पटवून द्यावे लागते, हे दुर्दैव आहे.

वाड्याचे दार

नानांच्या दानाचे वैशिष्ट्य असे की त्यांनी पैशाबरोबर जागा दिली, वेळ दिला आणि स्वतःचे नाव पणास लावले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या सभेने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलींनी शिकणे हेच तेव्हा लोकापवादाचे कारण होते. अशा वेळी गिरगावातील शाळेसाठी नानांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. ज्या वाड्यात शहरातील प्रतिष्ठितांची ये-जा, त्याच वाड्यात मुली पाटी-दप्तर घेऊन येऊ लागल्या, तेव्हा टीका करणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद झाली. प्रतिष्ठा ही मिरविण्याची वस्तू नसून दुर्बलांच्या पाठीशी उभी करण्याची शक्ती आहे, हे नानांनी असे कृतीने दाखविले. सतीबंदीच्या कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला होता.

याच नानांनी हिंदूंच्या सोनापूर स्मशानभूमीसाठी सरकारशी झुंज दिली. शहर वाढले म्हणून ती दूर हलवावी, असा घाट होता. मृताचे अंत्यसंस्कार करण्यासाठी गरिबाने खांद्यावर तिरडी घेऊन कोसभर का चालावे? नानांनी हा प्रश्न लावून धरला आणि स्मशानभूमी जागेवर राहिली. सुधारणा आणि परंपरा यांत वैर आहे, असे मानणाऱ्यांनी हा माणूस पाहावा. मुलींची शाळा आणि हिंदूंचे स्मशान ही दोन्ही कामे एकाच श्रद्धेतून करणारा, रूढीपैकी जे घातक ते सोडणारा आणि धर्मापैकी जे मूलभूत त्यासाठी सत्तेपुढे ठाम उभा राहणारा असा तो गृहस्थ होता.

त्यांच्या ग्रँट रोडवरच्या जागेत १८४६ मध्ये नाट्यगृह उभे राहिले. सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ मध्ये आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या मराठी नाटकांचे प्रयोग तेथे झाले. जे. जे. कलाशाळा आणि भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) यांच्या उभारणीतही नानांचा हात होता. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या अधिसभासदांतही ते होते.

लोखंडी रस्ता

रेल्वेची कथा या परिसराला विशेष जवळची. १८४५ मध्ये नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत रेल्वेसाठी मंडळी स्थापन केली. पुढे हा प्रयत्न 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे' या कंपनीत विलीन झाला. १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ती कंपनी अस्तित्वात आली. तिच्या मुंबईतील संचालकांत हे दोघेच हिंदी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. अंतर ३४ किलोमीटर, डबे चौदा, प्रवासी सुमारे चारशे.

इंग्रजांनी रेल्वे आणली ती कापूस बंदरावर नेण्यासाठी आणि फौजा हलविण्यासाठी, हे सत्य आहे. कंपनीला सरकारने ५ टक्के नफ्याची हमी दिली होती आणि तिचा बोजा हिंदी रयतेवर पडत होता, हेही सत्य आहे. पुढच्या पिढीतील राष्ट्रीय विचारवंतांनी त्यावर कठोर टीका केली आणि ती योग्यच होती. पण रूळ एकदा पडले की त्यांवरून कोण प्रवास करील, हे सत्ता ठरवू शकत नाही. त्याच रुळांवरून पुढे टिळक हिंडले, गांधी हिंडले आणि देश एकमेकांस भेटला.

बीडला मात्र ही आगगाडी मिळावयास किती काळ लागला? अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पहिली प्रवासी गाडी बीडहून अहिल्यानगरकडे धावली. बोरीबंदरच्या त्या दिवसानंतर तब्बल १७२ वर्षांनी! आणि नियतीचा खेळ असा की ज्या मुरबाडात रेल्वेच्या या पुरस्कर्त्याचा जन्म झाला, ते गाव कल्याण-मुरबाड मार्गाला मान्यता मिळूनही २०२५ पर्यंत रेल्वेवाचूनच राहिले. विकासाचे रूळ ज्यांच्या दारापर्यंत पोहोचले नाहीत त्यांनी निराश होऊ नये. पाठपुरावा सोडू नये, एवढाच याचा बोध.

संशयाच्या सावलीत

२६ ऑगस्ट १८५२ रोजी 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली. पश्चिम हिंदुस्थानातील ही पहिली राजकीय संस्था. सर जमशेटजी तिचे मानद अध्यक्ष, नाना अध्यक्ष, आणि डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी अशी तरुण मंडळी तिच्यात अग्रभागी. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले होते. असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज धाडला. राज्यकारभारात आणि कायदे करण्यात हिंदी लोकांना स्थान द्या, ही त्यातील मागणी. भाषा विनंतीची होती, पण आशय हक्काचा होता. काँग्रेस जन्मास येण्यापूर्वी तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मग १८५७ उजाडले. उत्तरेत स्वातंत्र्यसमराचा वणवा पेटला. मुंबईतही पलटणींत कुजबुज सुरू झाली. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट वेष पालटून हिंडत होता. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघा शिपायांना मुंबईच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिले गेले. याच सुमारास सरकारचा संशय नानांवरही आला. ज्या माणसाने शाळा उभारल्या, रेल्वे आणली, सरकारी मंडळांवर वर्षानुवर्षे काम केले, त्याच्या मागे चौकशी लागली. पुरावा काही मिळाला नाही आणि संशय निमाला.

परकीय सत्तेची वृत्ती येथे उघडी पडते. परक्याच्या दरबारात स्वकीयाने कितीही मान मिळविला तरी तो संशयितच राहतो. नाना सरकारचे मित्र होते की विरोधक, हा वाद निष्फळ आहे. ते समाजाचे होते, एवढेच खरे. सरकारशी त्यांनी सहकार्य केले ते समाजाच्या हितासाठी आणि विरोध केला तोही समाजाच्याच हितासाठी. १८६१ च्या कायद्यानुसार मुंबईचे कायदेमंडळ झाले, तेव्हा १८६२ मध्ये त्यात नेमल्या गेलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते. पाच वर्षांपूर्वीचा संशयित आता 'नामदार' झाला होता. पत अशी असते. ती सरकारने दिलेली नसते, म्हणून सरकारला काढून घेता येत नाही.

एका महिन्यातील दोन घटना

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रसंग.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका, भरणी कंपन्या, नाना तऱ्हेच्या मंडळ्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांचे भाव कित्येक पटींनी चढले. व्यापारीच काय, कारकून आणि नोकरदारही कर्ज काढून सट्टा खेळू लागले. बँक ऑफ बॉम्बेसारख्या सरकारचा वाटा असलेल्या बँकेने शेअरांच्या तारणावर मुक्तहस्ते कर्जे दिली. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे मिटविण्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईचा बाजार बुडाला. मोठमोठी घराणी दिवाळखोरीत गेली. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाने नवी बँक उभारावी लागली.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांनी देह ठेवला.

एका महिन्याच्या दोन टोकांना घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीकडे चार वर्षांत कमावलेला आणि एका दिवसात विरलेला पैसा. दुसरीकडे त्रेचाळीस वर्षे सांभाळलेली पत. पैसा बुडाला की काहीच उरत नाही. पत मात्र माणूस गेल्यावरही व्याज देत राहते. नानांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली आणि महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या हुशार मुलांचे ती स्वप्न बनली. १९१२ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका मुलाने ती पटकाविली. त्याचे नाव चिंतामणराव देशमुख. १९४३ मध्ये हेच चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. एका सावकाराच्या स्मृतीतून शिष्यवृत्ती निघते आणि ती मिळविणारा विद्यार्थी देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या सर्वोच्च पदी बसतो. असे व्याज कोणत्या ठेवीवर मिळते?

आपल्यापुढील प्रश्न

बंधु-भगिनींनो, ही कथा बीड जिल्ह्यात सांगताना एक वेदना टाळता येत नाही. २०२३ पासून या जिल्ह्यात अनेक पतसंस्थांना टाळी लागली. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा, निवृत्त शिक्षकाची पुंजी, उसाच्या फडात हातांना घट्टे पाडून साठविलेली रक्कम अडकून पडली. जास्त व्याजाचा मोह लोकांना नडला, हे काही अंशी खरे. पण मूळ अपराध ठेवीदाराचा नव्हे. 'पत' हा शब्द पाटीवर लिहून ज्यांनी तो आचरणातून पुसला, त्यांचा तो आहे. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच असते, सहकारी बँकेलाही ते लागू आहे, मात्र पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ही साधी माहिती घरोघरी पोहोचली असती तर कित्येक संसार वाचले असते. ती पोहोचविणे हेही समाजकार्यच आहे.

अरब व्यापाऱ्याच्या ठेवीला विमा नव्हता. नानांचे चारित्र्य हाच तिचा विमा होता. कायदे हवेतच, लेखापरीक्षण हवेच, अपराध्यास शासनही हवे. पण ज्याच्या मनात विश्वस्तभाव नाही, त्याला कायद्याची पळवाट सापडतेच. म्हणून समाजात असे गृहस्थ निर्माण व्हावे लागतात की ज्यांच्या हाती गावाने डोळे मिटून पैसा द्यावा. मंदिराचा, शाळेचा, भजनी मंडळाचा, वाचनालयाचा हिशेब दरवर्षी गावापुढे वाचून दाखविणारा एक प्रामाणिक कार्यकर्ता हा त्या गावचा नाना शंकरशेटच होय. त्याच्याजवळ दौलत असलीच पाहिजे, असे नाही.

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, ग्रँट रोडला नाना चौक आहे आणि मुंबई सेंट्रलच्या भुयारी मेट्रो स्थानकालाही त्यांचे नाव मिळाले आहे. हे सारे उचितच. पण पुतळ्याजवळून लोक घाईने निघून जातात. नानांचे खरे स्मारक निराळे आहे. एखाद्या गरीब विधवेने आपली आयुष्याची कमाई कोणाच्या तरी हाती सोपवावी आणि तिला त्या रात्री शांत झोप लागावी. असे घर ज्या गावात आहे, तेथे नाना शंकरशेट जिवंत आहेत.

कपिलधारला जाणारा भाविक रिकाम्या हाताने जात नाही आणि प्रसाद घेतल्यावाचून परतत नाही. देणे आणि घेणे तेथे एकच होऊन जाते. नानांच्या आयुष्याचा सांगावाही तोच आहे. मिळवावे भरपूर, पण ते आपले नव्हे, समाजाची ठेव आहे, हे विसरू नये. आणि ठेव ही परत करायचीच असते.

भारत माता की जय!